छोट्या गाडीचा जुना डबा दुरुस्त करताना

रेल्वेचा जुना डबा ताब्यात आला की सगळ्यांना आधी रंगाचा ब्रश हातात घ्यावासा वाटतो. दोन रविवारांत डबा चकचकीत होतो, गावातली माणसं येऊन फोटो काढतात, आणि तिसऱ्या पावसाळ्यात खिडक्यांखालच्या पट्टीतून रंगाचे पोपडे निघायला लागतात. बोट दाबलं तर आत जातं. तोवर आतलं लाकूड कुजलेलं असतं, पत्र्याची जाळी झालेली असते, आणि वरच्या नव्या रंगामुळे ते कोणाला दिसलेलंही नसतं. जुन्या डब्याला मारतं ते पाणी, आणि ते जवळजवळ नेहमी छतातून येतं. म्हणून पैसा आणि श्रम आधी छताला, मग सांगाड्याला, आणि सगळ्यांत शेवटी रंगाला.

पुढची रीत जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा–जामनेर मार्गावर धावत असे तशा ७६२ मिलिमीटर गेजच्या (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेल्या) प्रवासी डब्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. सुमारे ५६ किलोमीटरची ती 'पीजे' २०२० च्या टाळेबंदीत थांबली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूरच्या ज्या माणसांनी शाळा, कॉलेज, बाजार, दवाखाना सगळं त्या गाडीनं केलं, त्यांच्या आठवणीतला डबा जसा होता तसा उभा राहावा, एवढाच या कामाचा हेतू असावा. ब्रॉडगेजच्या पॅसेंजर डब्यालाही यातलं बरंचसं लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कागद आधी

डबा रेल्वेच्या मालकीचा असेल तर मंडळ कार्यालयाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा काढू नका. लिलावातून घेतलेला असेल तर विक्रीचे कागद, डब्याचा क्रमांक आणि सोबत कोणते सुटे भाग मिळाले त्याची यादी एकत्र ठेवा. परवानगीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: काय दुरुस्त करायचं, काढलेले जुने भाग कोणाचे, आणि काम करताना कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची. स्वयंसेवकांचा अपघात विमा काढून घ्या. त्याचा खर्च एका चांगल्या सागवानी फळीपेक्षा जास्त नसतो.

माणसं जमवताना भुसावळला एक फेरी मारा. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, सुतार, पेंटर, ट्रेन लायटिंगवाले घरोघरी आहेत. एक्सल बॉक्सचं (चाकाच्या आसाचं टोक बसतं त्या पेटीचं) झाकण कोणत्या बाजूनं उघडतं हे तुम्हाला छापील मजकुरात शोधत बसावं लागेल, ते नुसतं बघून सांगतात. महिन्यातून एक दिवस आले तरी चालेल, फक्त मोडतोड सुरू करण्याआधी त्यांना एकदा डबा दाखवा. नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही एकदा बघून या. त्याच गेजचे डबे तिथे जवळून पाहता येतात, आणि आपल्या डब्यात जे हरवलं आहे त्याचं माप तिथे परवानगीनं घेता येतं.

हात लावण्याआधी नोंद

डब्याच्या दोन टोकांना आणि दोन बाजूंना नावं द्या. 'पुढचं-मागचं' चालत नाही, कारण उद्या डबा फिरवून ठेवला की सगळा घोळ होतो. सोपी पद्धत अशी: एक टोक 'पाचोरा', दुसरं 'जामनेर', आणि जामनेरकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावी-उजवी. खिडक्या पाचोरा टोकापासून मोजायच्या. म्हणजे 'उ-३' ही उजवीकडची तिसरी खिडकी. टोकं कोणती ठरवली ते अंडरफ्रेमवर (डब्याखालच्या पोलादी चौकटीवर) छिन्नीनं बारीक अक्षर ठोकून ठेवा.

काढलेल्या प्रत्येक भागाला खूण हवी. मार्करची शाई उन्हात वर्षभरात उडते, चिकटपट्टी मे महिन्यात सुकून गळून पडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पंचानं अक्षरं ठोका आणि ती तारेनं बांधा. लाकडाच्या मागच्या बाजूला साध्या शिसपेन्सिलीनं लिहिलेलंही वर्षानुवर्षं टिकतं. स्क्रू आणि बोल्ट खिडकीवार वेगवेगळ्या बरण्यांत, चमचाभर तेल घालून. 'सगळे सारखेच आहेत' असं वाटतं, पण हातानं बसवलेल्या जुन्या डब्यात दोन खिडक्यांची भोकं कधी जुळत नाहीत.

जुना रंग खरवडून टाकण्याआधी त्याचा इतिहास काढून घ्या. ऊन न लागलेली जागा निवडा: बिजागरीच्या मागे, लाकडी बीडिंगच्या खाली, क्रमांकाच्या पाटीमागे. तिथे रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात ओला पॉलिश पेपर फिरवा, आधी २४० नंबरचा, मग ४००. मधोमध जास्त आणि कडेला कमी घासलं की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात आणि प्रत्येक वलय म्हणजे एक रंग. ओल्या कापडानं पुसून, सावलीत, रंगाच्या कंपनीचं शेडकार्ड शेजारी धरून फोटो काढा. नव्वदच्या दशकाआधी आपल्या बहुतेक पॅसेंजर डब्यांना गेरूच्या जवळ जाणारा तांबडा रंग असे, निळा नंतर आला. कोणत्या काळातला डबा दाखवायचा ते याच टप्प्यावर ठरवा आणि मग ते बदलू नका. अर्धा डबा एका काळातला आणि अर्धा दुसऱ्या काळातला झाला की तो कोणत्याच काळातला राहत नाही.

वरून पुसलेली अक्षरं रात्री दिसतात. अंधारात टॉर्च पत्र्याला अगदी टेकवून आडवा प्रकाश टाकला की खालच्या थरातल्या अक्षरांच्या कडा उठून येतात. त्यावर ट्रेसिंग पेपर लावून छाप घ्या. नंतर पेंटरला तोच कागद द्यायचा. संगणकातला देवनागरी फॉन्ट डब्यावर लावला तर ज्यानं मूळ डबा पाहिला आहे त्याला ते लगेच खटकतं.

जागा: काळ्या मातीवर डबा उभा करू नका

खानदेशात याच ठिकाणी सगळ्यांत महाग चूक होते. काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून बसते. तिच्यावर थेट खडी टाकून रूळ मांडले तर एकाच वर्षात एक रूळ दुसऱ्यापेक्षा खाली जातो. मग डब्याचा सांगाडा पिळला जातो आणि दरवाजे अडकायला लागतात. इथे सुताराला बोलावून दरवाजा रंधून घेण्याची चूक करू नका. दोष दरवाजाचा नसून जमिनीचा असतो, आणि रंधलेला दरवाजा पुढच्या उन्हाळ्यात सैल लोंबतो.

काळी माती सुमारे एक मीटर खोल काढा, स्लीपरच्या दोन्ही टोकांपलीकडे आणखी एकेक मीटरपर्यंत. त्या जागी मुरूम भरा, १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबत. वर २० ते २५ सेंटीमीटर खडी, मग स्लीपर आणि रूळ. भोवती चर हवा आणि त्याला शंभरास एक एवढा उतार. रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर दर दोन मीटरवर मोजा, ते ७६२ मिलिमीटर भरलं पाहिजे. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी दोन्ही रुळांवर धरून वर्षातून दोनदा पातळी बघा: एकदा मेच्या शेवटी, एकदा ऑक्टोबरात. ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर स्लीपरखाली खडी ठासून घ्या.

डबा आणताना त्याचं रिकामं वजन टोकाच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ते वाचा आणि क्रेन त्या हिशोबानं, भरपूर राखून सांगा. उचलायची जागा म्हणजे बोगीच्या, म्हणजे चाकांच्या गाड्याच्या, वरची आडवी तुळई, बोल्स्टर. सोल बारला (अंडरफ्रेमच्या बाजूच्या लांब तुळईला) मध्यावर पट्टा घालून उचललेला लाकडी डबा मध्येच वाकतो आणि वरच्या खिडक्यांच्या काचा तडतडतात. पट्टे छताच्या कडेला घासू नयेत म्हणून वर डब्यापेक्षा रुंद आडवा बीम वापरा. बोगी वेगळ्या काढून न्यायच्या असतील तर ट्रेलरवर डब्याखाली ठोकळेसुद्धा बोल्स्टरखालीच येतील असे मांडा. वाटेतल्या विजेच्या तारांची उंची आदल्या दिवशी मोजून ठेवा.

छत

पहिला पावसाळा वाया गेला असं समजू नका, त्यात गळतीचा नकाशा बनवा. पाऊस सुरू असताना आत टॉर्च आणि पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे थेंब दिसेल तिथे तारीख लिहा. मात्र थेंब पडतो त्या जागेच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी छताच्या कमानीवरून, आतल्या फळीच्या पाठीनं दोन-तीन हात पळून मग टपकतं. कोरड्या दिवशी पाइपनं पाणी मारून खात्री करा. पाणी खालून वर न्यायचं: आधी कडेची पन्हळ, मग पत्र्याचा जोड, मग व्हेंटिलेटरचा तळ, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळं एकदम ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

पत्र्याचं छत असेल तर गळती बहुधा तीन ठिकाणी सापडते: पत्र्यांचे जोड, व्हेंटिलेटरच्या कडा आणि स्क्रूची सैल झालेली भोकं. जोड उघडून, साफ करून, प्राइमर मारून पॉलियुरेथेन सीलंट भरा. डांबर अजिबात लावू नका. स्वस्त पडतं, हाताशी असतं, म्हणून मोह होतो. पण जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांपार जातो, तेव्हा ते वितळून भिंतीवर ओघळतं, हिवाळ्यात तडकतं, आणि नंतर त्या जागी ना रंग धरतो ना सीलंट.

लाकडी फळ्यांवर कॅनव्हास असं जुनं छत असेल तर सगळा कॅनव्हास काढा, तुकडा लावू नका. फळ्यांचे खिळे पोगरानं आत बसवा, भोकं पुटीनं भरा, कुजलेल्या फळ्या बदला. नवा जाड सुती कॅनव्हास आधी एकदा पाण्यात बुडवून वाळवून घ्या, म्हणजे नंतर आक्रसणार नाही. फळ्यांवर जाड तेलरंगाचा हात मारायचा आणि तो ओला असतानाच कॅनव्हास अंथरायचा. मधून कडेकडे ताणत जायचं, नाहीतर मध्ये हवेचे फुगे राहतात आणि प्रत्येक फुगा पुढे फुटतो. दोन पट्ट्यांचा जोड कौलांसारखा, वरची पट्टी खालचीवर किमान ७५ मिलिमीटर. कडेला पन्हळीच्या पट्टीखाली ४०-५० मिलिमीटर अंतरानं तांब्याचे चुके. मग वरून तीन हात, प्रत्येक हातामध्ये पूर्ण वाळेपर्यंत थांबून. चार माणसं आणि दोन दिवस लागतात. ढग नसलेले दिवस निवडा आणि एप्रिल संपायच्या आत उरका, कारण मेमध्ये वळीव केव्हा गाठेल सांगता येत नाही.

काम लांबलं तर ताडपत्री टाकावी लागते. आपल्याकडे ती कुठल्याही बाजारात मिळते, पण ती डब्याला गुंडाळू नका. आत वाफ धरते आणि दोन महिन्यांत बुरशी येते. बांबूचा सांगाडा करून छतापासून हातभर उंच ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. कायमची पत्र्याची शेड शक्य असेल तर पैसा तिकडे वळवा, आणि पश्चिमेकडची बाजू जास्त खाली उतरवा. ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिकडूनच येतात.

जुना रंग, जुनी भरणी

जुन्या तेलरंगात आणि तांबड्या प्राइमरमध्ये शिसं असतं. म्हणून कोरडं घासणं, ग्राइंडरला वायर ब्रश लावून उडवणं, ब्लो लॅम्पनं जाळणं, तिन्ही बंद. ओलं करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, पडलेले पोपडे ओले असतानाच पिशवीत भरून तोंड बांधा. साधा कापडी रुमाल शिशाची धूळ अडवत नाही, बारीक धुळीसाठीचा फिल्टर असलेला मास्क लागतो. चहा-बिडीच्या आधी हात साबणानं धुवायचे आणि कामाचे कपडे घरी मुलांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. खरवडण्याच्या दिवशी शाळेच्या सहली आणि लहान मुलं कामाच्या जागी नकोत, हा नियम कोणासाठीही मोडू नका.

ब्रॉडगेजचा जुना पोलादी डबा असेल तर भिंतीच्या पत्र्याआड ॲस्बेस्टॉस फवारलेलं असू शकतं. राखाडी, कापसासारखं, भुसभुशीत काही दिसलं की पॅनल परत लावा, काम थांबवा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. ते काढणं स्वयंसेवकांचं काम नाही.

लाकडी सांगाडा

सागवान कुजत नाही असं म्हणतात. कोरडं राहिलं तर खरंच कुजत नाही. पण खिडकीतून झिरपलेलं पाणी भिंतीच्या आत उतरतं आणि उभ्या खांबाच्या पायाशी, खालच्या पाटात साचतं. खांब वरून टणक दिसतो आणि खालचा वीतभर भाग चहात बुडवलेल्या पावासारखा झालेला असतो. प्रत्येक खांबाचा पाय बारीक टोच्यानं तपासा. टोच्या ३ मिलिमीटरपेक्षा आत सहज गेला तर त्यावर खडूनं फुली.

पूर्ण खांब बदलायची घाई नको. कुजलेल्या भागाच्या वर चांगलं लाकूड लागल्यावर आणखी १०० मिलिमीटर वर जाऊन कापा आणि तिरका जोड द्या. उतार आठास एक, म्हणजे ५० मिलिमीटर जाडीच्या खांबाला ४०० मिलिमीटर लांबीचा जोड. सागवान तेलकट असल्यामुळे गोंद सहज धरत नाही. जोडाची दोन्ही तोंडं ताजी रंधून, थिनरच्या कापडानं पुसून, तासाभराच्या आत इपॉक्सी लावून क्लॅम्प करा. शिवाय दोन बोल्ट. स्क्रू पितळी वापरायचे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून भोक तयार करा, त्याला मेण लावा, मग पितळी. नाहीतर टणक लाकडात पितळी स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं.

लाकूड कुठून आणायचं? वखारीतलं नवं सागवान महाग असतं आणि बहुतेक वेळा ओलं असतं. खानदेशात त्याहून चांगला स्रोत आहे: जुनी धाब्याची घरं आणि वाडे. ती पाडताना निघणारे खांब, तुळया, कड्या पन्नास-शंभर वर्षं सुकलेल्या असतात. विकत घेताना टोकाला पोकळी आहे का बघा, वाळवीच्या वाटा बघा, आणि करवतीला लावण्याआधी चुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा करवतीचं पातं आणि मिस्तरीचा दिवस दोन्ही घालवतो. नवं लाकूड घ्यावंच लागलं तर २५ मिलिमीटरच्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा आणि साधारण वर्षभर विसरून जा.

आपल्या हवेत लाकूड किती हलतं याचा हिशोब करूनच पॅनल बसवा. सागवानात ओलावा एका टक्क्यानं बदलला की फळीची रुंदी, वलयांच्या दिशेनं, जवळपास ०.१९ टक्का बदलते. मे आणि ऑगस्ट यांमध्ये ओलाव्याचा फरक ५ टक्के धरला तर ३०० मिलिमीटर रुंदीची फळी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास हलेल. मेमध्ये खाचेत गच्च बसवलेली फळी श्रावणात फुगून चौकट उघडते, श्रावणात गच्च बसवलेली मेमध्ये सुटते आणि फटीतून ऊन दिसतं. म्हणून पॅनल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बसवा, खाचेत दोन्ही कडांना दीड-दोन मिलिमीटर मोकळे सोडा, आणि पॅनल खाचेत चिकटवू नका. ते तरंगतं राहिलं पाहिजे. बसवण्याआधी पॅनलच्या कडा आणि मागची बाजूही रंगवून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात फळी आक्रसली की न रंगवलेली पांढरी रेघ बाहेर येते.

वाळवीसाठी आतल्या, पावसात न येणाऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजा: १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स, २०० ग्रॅम बोरिक ॲसिड. दोन हात, मध्ये एक दिवस. हे पावसात धुऊन जातं, त्यामुळे वर रंग किंवा वॉर्निश हवाच. आणि डब्याला टेकवून कधीही लाकूडफाटा, पोती, जुने स्लीपर रचून ठेवू नका. वाळवी त्यावरूनच वर चढते.

आतल्या पट्ट्यांच्या बाकांबद्दल थोडं वेगळं मत आहे. ते रंधून नवे करू नयेत. वर्षानुवर्षांच्या बसण्यानं गोल झालेल्या कडा आणि पोरांनी कोरलेली नावं हाच त्या डब्याचा खरा दस्तऐवज आहे. मळ साबणाच्या कोमट पाण्यानं काढा, सुकू द्या, जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात द्या आणि जास्तीचं तेल वीस मिनिटांत पुसून घ्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

अंडरफ्रेम आणि पत्रा

अडीचशे ग्रॅमची गोल डोक्याची हातोडी घ्या आणि पत्र्यावर दर ५० मिलिमीटरवर हलकेच वाजवत जा. 'टण्' आला तर पत्रा जिवंत, 'भद्' आला तर आतून गंजलेला. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे भिंतीचा खालचा आत वळलेला भाग, दरवाजाचे उंबरे, आणि संडास असेल तर त्याच्या भोवतीचा सगळा तळ. तिथल्या पाण्यानं अंडरफ्रेमचे सोल बारसुद्धा खाल्लेले असतात.

गंजलेलं भोक फायबर पुटीनं बुजवणं म्हणजे गंजाला घर बांधून देणं. पुटीमागे ओल अडकते आणि गंज आणखी वेगानं पसरतो. पत्रा भोकापासून ५० मिलिमीटर पलीकडे, चांगल्या धातूपर्यंत कापा. मूळ पत्र्याची जाडी कॅलिपरनं मोजून त्याच जाडीचा तुकडा घ्या. वेल्डिंग सलग करू नका: २५ मिलिमीटरचा टाका, मग दूरच्या टोकाला दुसरा, मग मध्ये. सलग वेल्ड केलेला पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकतो आणि नंतर कितीही पुटी भरली तरी उन्हात लाटा दिसतात. वेल्डिंगच्या आधी मागचं लाकूड, जुनी भरणी, जळमटं काढा, ओलं पोतं आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा. काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच थांबला पाहिजे. लाकडी डब्यातली आग वेल्डर घरी गेल्यावर लागते.

पत्र्याच्या सगळ्यांत खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती रंगानं आणि मातीनं बुजलेली सापडतात. ती मोकळी करा. नसतील तर दर मीटरला १० मिलिमीटरचं एक पाडा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि एवढ्यानं त्या कडेचं आयुष्य वर्षांनी वाढतं.

रिव्हेट सैल असेल तर त्यावर वेल्ड मारू नका. ड्रिलनं काढून, भोक साफ करून, घट्ट बसणारा उच्च ताकदीचा बोल्ट टाका, किंवा गरम रिव्हेट ठोकणारा जुना माणूस मिळाला तर रिव्हेटच.

चाकं, ब्रेक, दिवे

डबा प्रदर्शनासाठी उभाच राहणार असेल तर ब्रेक चालू करण्याच्या मागे लागू नका. व्हॅक्यूम ब्रेकचे रबरी होज काढून सावलीत ठेवा, नळ्यांची तोंडं टोपीनं बंद करा, नाहीतर गांधीलमाशा घरं करतात. हँडब्रेकचा स्क्रू मात्र साफ करून, ग्रीस लावून फिरता ठेवा. त्यावर विसंबायचं नाही: दोन चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी आणि त्या रुळाला साखळीनं बांधलेल्या. एक्सल बॉक्समध्ये साधं पितळी बेअरिंग असेल तर जुनी कुजलेली सुती भरणी काढा, पाणी आहे का बघा, नवी भरणी तेलात चांगली मुरवून घाला. दर तीन महिन्यांनी डबा पहारीनं वीतभर पुढे-मागे सरकवला तर जर्नलवर (आसाच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या टोकावर) एकाच जागी गंजाचा पट्टा बसत नाही.

जुन्या दिव्यांमध्ये आणि पंख्यांमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज कधीही सोडू नका. त्या फिटिंग कमी दाबाच्या डीसीसाठी आहेत आणि वायरींचं रबर हात लावला की भुगा होतं. जुन्या वायरींची जोडणी तोडून त्या नमुन्यापुरत्या जागेवर राहू द्या, नव्या वेगळ्या टाका, डब्याबाहेर ट्रान्सफॉर्मर ठेवून आत २४ व्होल्टचे पिवळसर एलईडी जुन्या काचांमध्ये बसवा.

रंग

रंगाचा मोसम दिवाळीपासून फेब्रुवारीअखेर. उन्हाळ्यात पत्रा एवढा तापतो की ब्रश फिरवताच रंग ओढला जातो, वरची साय धरते आणि आतला द्रव फोड होऊन फुटतो. हिवाळ्यात अडचण दवाची. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. सोपा नियम: सकाळी पत्रा कोरडा झाल्यावर साधारण साडेनऊला सुरुवात, दुपारी साडेतीनला ब्रश खाली. कपाशी वेचणीच्या दिवसांत धुळीचा रस्ता शेजारी असेल तर रंगाआधी जमिनीवर पाणी मारा.

हिशोबासाठी समजा डबा ९ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि बाहेरच्या भिंती २.२ मीटर उंच. चारही बाजू मिळून ४९ चौरस मीटर भरतात, खिडक्या-दरवाजे वजा जाता सुमारे ३७. रंगाच्या डब्यावर लिहिलेलं असतं त्यापेक्षा कमी, म्हणजे लिटरला ८ चौरस मीटर धरा, कारण जुना पत्रा आणि फळ्या रंग पितात. एका हाताला पावणेपाच लिटर. प्राइमर दोन हात, अंडरकोट एक, वरचा एनॅमल दोन: म्हणजे प्राइमर साडेनऊ लिटर, अंडरकोट पाच, एनॅमल साडेनऊ. एनॅमल सगळं एकाच वेळी, एकाच बॅचचं घ्या आणि एका मोठ्या बादलीत मिसळा. दोन खेपेला आणलेल्या रंगाच्या डब्यांचा तांबडा उन्हात वेगळा दिसतो. पत्र्याला झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्राइमर, लाकडाला साधा लाकडाचा प्राइमर. दोन्ही एकच वापरायचा हट्ट नको, लाकूड हलतं आणि त्यावर कडक इपॉक्सी तडकतो. अक्षरं शेवटी, ट्रेसिंगवरून, हातानं.

नंतरची देखभाल

मृगाच्या आधी पन्हळ आणि खालची भोकं साफ करा, छताचे जोड बघा, रुळांची पातळी मोजा. पावसाळाभर खिडक्यांच्या झडपा चार बोटं उघड्या राहू द्या. बंद डब्यात दमट हवा कोंडते आणि जोडांत बुरशी धरते. पहिल्या मोठ्या पावसात कोणीतरी आत टॉर्च घेऊन बसलंच पाहिजे, दुरुस्तीला दहा वर्षं झाली असली तरी. गळती दिसली तर त्याच आठवड्यात तिथे सीलंट, आणि वहीत खिडकीचा क्रमांक, तारीख, काय लावलं ते. वही डब्यात ठेवू नका, घरी कोरड्या जागी ठेवा आणि दर वर्षी तिच्या पानांचे फोटो दोन वेगळ्या माणसांकडे असू द्या.